विहिरीवरची चिंच

केर्न्स, क्वीन्सलंड
रविवार, संध्याकाळ

तीर्थरूप नाना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर विहिरीवरची वटवाघळांची चिंच तोडायला देण्यावरून माझा आवाज चढला आणि तुम्ही काही न बोलता फोन मायकडं दिला. फोनवर आपलं हे असंच होतं, म्हणून लिहून पाठवते आहे. भाऊ वाचून दाखवेल, पण त्याला पदरचं काही घालू देऊ नका.

इथली वटवाघळं उन्हानं मेली हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "बेचाळीसला मेली? आपल्याकडं बेचाळीस म्हणजे लगीनसराईतली हवा." खरं आहे. भुसावळचा पारा ४६ ला टेकतो तेव्हाही तुम्ही डोक्याला उपरणं गुंडाळून ठिबकच्या नळ्या बघत हिंडता. पण केर्न्सला ऐन उन्हाळ्यात दुपारचा पारा साधारण ३१ च्या आसपास असतो. २६ नोव्हेंबर २०१८ ला तो ४२.६ वर गेला. मी तेव्हा इथं नव्हते, शेजारच्या बाईंनी सांगितलं ते लिहिते.

इथं मोठ्या वटवाघळाची एक जात आहे. डोळ्यांभोवती फिकट केसांची वर्तुळं, चश्मा लावलेल्या गुरुजीसारखं. ऊन चढलं तशी झाडावरची वटवाघळं आधी पंखांनी वारा घेऊ लागली. मग धापा टाकत पंखांना थुंकी चाटून लावू लागली. त्यानंही भागेना, तेव्हा सावलीच्या आशेनं बुंध्याकडं उतरली आणि एकमेकांना बिलगून घोसच्या घोस झाले. त्या घोसात उष्मा आणखी वाढला आणि ती पडू लागली. दोन दिवसांत त्या एका जातीची अंदाजे २३,००० मेली. म्हणजे ऑस्ट्रेलियात होती त्यातली जवळपास तिसरा हिस्सा. माद्यांना वर्षाला एकच पिल्लू होतं, आणि तो पिल्लांचाच हंगाम. बाई सांगत होत्या, मेलेल्या आईच्या अंगाला चिकटलेली जिवंत पिल्लं सोडवून टोपलीत भरत होतो, रात्री टॉर्च लावून.

मी हल्ली हंगामात रविवारी अशाच पोरक्या पिल्लांना दूध पाजायला जाते. आधी रेबीजच्या लसी घ्याव्या लागल्या, त्याशिवाय हात लावू देत नाहीत. पिल्लू ओंजळीत मावतं. फडक्यात घट्ट गुंडाळायचं, बाळंत्यात गुंडाळतात तसं, आणि नखाएवढ्या बोंडल्यानं पाजायचं. पिताना ते एकटक तोंडाकडं बघतं. मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, "शी, तीच हातं धुऊन जेवतेस ना?" धुते गं.

आता तुमचा मुद्दा. आपली वटवाघळं काटक आहेत हे मान्य. पण काटकपणालाही कड असते. २०२० च्या मे महिन्यात गोरखपूरकडं उन्हाच्या तडाख्यात शेकडो वटवाघळं मरून पडली होती. ती तर आपल्याच जातीची. आणि केळीचं तुम्ही मलाच शिकवलंत ना? चाळिशीपर्यंत बाग कशीबशी तग धरते, पंचेचाळीसच्या वर चार दिवस गेले की घड सटकतात. महिन्याची सरासरी काढली तर तो महिना बरा गेला असं दिसेल. बाग गेली ती त्या चार दिवसांत.

इथल्या समुद्रात तेच चाललंय. प्रवाळाला रंग येतो तो त्याच्या अंगात राहणाऱ्या बारीक शेवाळामुळं. त्याचं बरंचसं अन्नही तेच बनवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर काढून टाकतो आणि पांढराफटक पडतो. लवकर गार झालं तर सावरतो. पांढरा पडला तो २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ ला : सावरायला उसंत कुठं मिळाली ते तुम्हीच सांगा. मी एकदा काचेच्या तळाच्या बोटीतून पाहिलं. तेवढं पुरे झालं.

जंगलातले थंडाव्याचे प्राणी डोंगर चढू लागलेत. पण इथला सगळ्यात उंच डोंगर १,६२२ मीटर, त्याच्यावर आभाळ. सातपुड्यात मला हीच धास्ती वाटते. आपला रानपिंगळा, ते रानातलं छोटं घुबड, १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता, संपला असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात सापडला. आजवर त्याचा मोठा वैरी कुऱ्हाड होती, ऊन नव्हे. पण झाड गेलं की सावली जाते, मग उन्हालाही रान मोकळं.

तर चिंचेचं. लाकडाच्या व्यापाऱ्यानं ती तोडायला बयाना दिलाय, हे मायनं सांगितलं. तुमचं म्हणणं, वटवाघळं केळी खराब करतात. नाना, वटवाघूळ पिकलेलं फळ खातं, आणि आपण घड हिरवेच कापतो. बांधावरच्या चार झाडांवर मायसाठी पिकायला सोडता, तेवढेच त्यांच्या तोंडी लागत असतील. इथं केळीवाले घडाला पिशवी चढवतात. आपल्याकडं निर्यातवालेही चढवतात की. त्या चार घडांना चढवा. आणि मोहाच्या बिया रानभर कोण टाकतं? हीच. पाल आणि यावलकडची माणसं तुम्हाला सांगतील.

विहिरीशेजारी दाट सावली आणि जवळ पाणी, एवढं एका जागी गावात आता दुसरीकडं कुठं उरलंय? पडलेलं वटवाघूळ दिसलं तर हात मात्र लावू नका, पोरांनाही सांगा. वन खात्याला फोन करा.

बयाना परत करा. लाकडाचे जेवढे ठरलेत तेवढे मी पाठवते, व्यापाऱ्यापेक्षा शंभर जास्त. तुम्हाला माझा पैसा नको असतो, म्हणून मायच्या खात्यात टाकते.

आखाजीला पोरींचा झोका खालच्या आडव्या फांदीला बांधा, मी बांधायचे तिथंच. वरच्या फांद्या वटवाघळांसाठी ठेवा.

तुमची,
बेबी

ता. क. मायला म्हणावं बिबड्या या खेपेला लसणाच्या कर. आणि संध्याकाळी गच्चीवरून बघ, चिंचेवरून किती उडाली. मोजता आली तेवढी सांग.