धानकापणी झाली की गडचिरोलीला या

माननीय पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

साहेब, आमच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा हे महादेवाचं जुनं देवस्थान आहे. नदी इथं उत्तरवाहिनी होते, महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते. बाहेरच्या माणसाला मात्र आधी ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणून सांगावं लागतं, तेव्हा कुठं तो मान हलवतो. (मला ही उपमा आवडत नाही. आमच्या देवळानं दुसऱ्याच्या नावावर का जगावं?) वीज पडून शिखर कोसळलं आणि पुढं एका गोंड राजानं ते सावरलं, असं सांगतात. आताची दुरुस्ती कित्येक वर्षं रखडतेय. स्मारक केंद्राच्या ताब्यात आहे, हे मान्य. पण दिल्लीला पाठपुरावा तुम्हीच करू शकता.

जिल्हा १९८२ साली झाला. तेव्हापासून पर्यटन म्हटलं की घोषणा ठरलेली: विश्रामगृह, बगीचा, बोटिंग. जत्रा उठली की त्याला कुलूप.

खरा हंगाम आमच्याकडे आहेच. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, पट म्हणजे बैलांची शर्यत होते आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाचं, नाटक पहाटेपर्यंत चालतं. नाटक कंपन्यांचा बाजार वडशात (देसाईगंजात). या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्या गावात नाटक, त्या गावात घरोघरी पाहुणे. लेकी, जावई, सोयरे, त्यांचे मित्र, सगळ्यांची अंथरुणं पडतात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे तळले जातात. शहरात ज्याला ‘होमस्टे’ म्हणतात, ते आम्ही फुकटात करत आलोय.

म्हणून नदीकाठी रिसॉर्टचं कंत्राट काढू नका. ज्या घरांना पाहुणे ठेवायचे आहेत, त्यांना एक खोली नीट करायला आणि संडास बांधायला बिनव्याजी कर्ज द्या. हंगामातल्या नाटकांच्या तारखा तुमच्या खात्यानं आधी छापाव्यात. सकाळी मार्कंडा आणि रात्री नाटक जुळेल अशी एसटी सोडायला लावा. पाहुण्यांचे दर आणि संख्या ग्रामसभेनं ठरवावी. ग्रामसभेला हिशेब जमेल का, अशी शंका असेल तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला विचारा. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावच्या जंगलावर गावाचा हक्क, मिळाला, २०११ पासून ते आपला बांबू स्वतः विकतात.

नाटकवाल्यांसाठीही एक मागणी आहे. सरकारी महोत्सवात त्यांना अर्ध्या तासाचा तुकडा सादर करायला बोलावू नका. रात्रभराचं नाटक अर्ध्या तासात उरतं काय?

एकदा तुम्हीच या, ताफा गडचिरोलीत ठेवून. नाटक दहाला सुरू होणार म्हणतील, अकरा धरा. थंडी फार असते, घोंगडी आम्ही देऊ.

आपला,
चामोर्शी तालुक्यातील एक नाटकवेडा