सौर ड्रोनची खरी परीक्षा डिसेंबरच्या रात्री

महोदय,

सौरऊर्जेवर महिनोन्‌महिने आकाशात राहणारी ड्रोन लवकरच उपग्रहांची जागा घेतील आणि मेळघाट-गडचिरोलीत घरोघरी इंटरनेट पोहोचवतील, अशा आशयाचा मजकूर अलीकडे वारंवार वाचनात येतो. या तंत्रज्ञानाबद्दल मला कुतूहल आहे आणि आदरही. परंतु त्याच्या भरवशावर विदर्भातील मोबाइल मनोऱ्यांची आणि फायबरची कामे लांबणीवर पडू नयेत, म्हणून हे पत्र.

ही विमाने साधारण २० किलोमीटर उंचीवर उडतात. ढग आणि प्रवासी विमाने बहुतांशी त्याखाली राहतात आणि वाराही तुलनेने मंद असतो. मात्र तेथील हवेची घनता जमिनीलगतच्या हवेच्या जेमतेम सात टक्के असल्याने तेवढेच वजन तोलून धरायला सुमारे पावणेचारपट वेग लागतो आणि शक्तीही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून पंख लांबलचक ठेवायचे आणि बाकी सारे होईल तितके हलके करायचे. एअरबसने विकसित केलेल्या ‘झेफिर’चा पंखविस्तार २५ मीटर आहे, पण वजन सुमारे ७५ किलोच, चार-पाच माणसे ते हातांवर उचलून धावतात आणि वाऱ्यावर सोडून देतात.

उन्हाची तेथे ददात नाही. आपल्या गच्चीवरची पॅनेल मे महिन्याच्या दुपारी तापतात आणि नेमक्या त्याच वेळी वीज कमी देतात. उणे साठ अंशांच्या थंडीत ती अडचणही उरत नाही. घोडे अडते ते रात्री. समजा, ७५ किलोच्या विमानात २५ किलो बॅटरी बसवली आणि आजच्या उत्तम बॅटरीच्या हिशेबाने किलोमागे ४०० वॅट-तास धरले, तरी साठा होतो दहा युनिटांचा. डिसेंबरात नागपूरच्या आकाशात उपयोगी ऊन नसण्याचा काळ किमान तेरा तासांचा धरावा लागेल. म्हणजे हाती येतात सरासरी ७७० वॅट, आणि माझ्या गणिताप्रमाणे एवढ्या वजनाच्या विमानाला नुसते उडत राहायलाच सात-आठशे वॅट लागतात. दिवसा उंची कमवायची आणि रात्री ती हळूहळू खर्चायची, ही युक्ती वापरली जाते खरी, पण पाच किलोमीटर खाली येऊन मिळणारी ऊर्जा एका युनिटच्या आसपासच भरते. मग मोबाइल सेवेची यंत्रणा रात्रभर चालवायची कशावर? भरीस भर म्हणजे त्याच दिवसांत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्यही जेमतेम ४५ अंशांवर चढतो, त्यामुळे आडव्या पंखांवर ऊन तिरपे पडते आणि दिवसाची कमाईही घटते.

विक्रमांकडे या दृष्टीने पाहावे. ‘झेफिर’ २०२२ मध्ये ६४ दिवस उडाले ते ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात, आणि २०२५ मध्ये ६७ दिवस उडाले ते विषुववृत्तालगतच्या केनियातून निघून. यात लबाडी काही नाही, पण तो आकडा उचलून आपल्या हिवाळ्याला लावता येत नाही. एखादी कंपनी अशा सेवेचा प्रस्ताव घेऊन आलीच, तर २१ डिसेंबरच्या रात्री, सर्व उपकरणे चालू असताना, किती वॅट शिल्लक राहतात याचा लेखी हिशेब शासनाने निविदेतच मागावा.

वर पोहोचणे हेही सोपे नाही. अशा नाजूक विमानाला चढायला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ ते वाऱ्याच्या तावडीत असते. नासाचे ‘हेलिओस’ २००१ मध्ये २९ किलोमीटरहून उंच गेले होते. २००३ मध्ये तेच विमान हवाई बेटांजवळ, चढाईदरम्यान हवेच्या खळबळीत सापडून मोडले. फेसबुकच्या ‘अक्विला’ला २०१६ मधील पहिल्याच उड्डाणात उतरताना इजा झाली आणि २०१८ मध्ये कंपनीने विमानबांधणीच थांबवली. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उठणारा आपला वादळवारा पाहता येथे पहाटेच्या निवांत हवेखेरीज उड्डाणाचा विचारही करता येणार नाही. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा ड्रोन ढगांच्या वर सुखरूप असेल, पण त्याच्या साध्या कॅमेऱ्याला खाली ढगच दिसतील.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने फेब्रुवारी २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ १२ मीटर पंखविस्ताराचे छोटे प्रारूप साडेआठ तास उडवले. ती सुरुवात उत्साहवर्धक आहे. माझ्या मते आपल्याकडे या विमानाला पहिले काम द्यावे ते वणव्यांवर नजर ठेवण्याचे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो आणि ती आग पसरते, तो काळ नेमका दिवस मोठा होत जाण्याचा असतो. आकाश बरेचसे मोकळे असते, आणि उष्णता टिपणारा कॅमेरा काही किलोंत व थोड्या विजेत भागतो. उपग्रह एकाच जंगलावरून दिवसातून मोजक्या वेळा जातात, तर हे विमान ताडोबा किंवा मेळघाटावर सलग घिरट्या घालू शकेल. वनविभागाने प्रयोगशाळेकडे अशा एका हंगामापुरत्या चाचणीचा आग्रह धरावा. तोवर मनोऱ्यांची कामे मात्र चालू राहू द्यावीत.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
धरमपेठ, नागपूर