कॅराव्हॅनला नळ, पॉवर पॉइंट आणि चेंबर द्या

प्रति,
संपादक,

महोदय,

राज्याचे कॅराव्हॅन (म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) पर्यटन धोरण 2021 मध्ये आले. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि गोंदे इंटरचेंजला उतरले की सिन्नर काही मिनिटांवर आले. (हे सिन्नर तालुक्यातले गोंदे. वाडीवऱ्हेजवळचे गोंदे दुमाला वेगळे. नकाशात दोन्हींची हमखास गल्लत होते.) चर्चा मात्र अजून रिसॉर्टछाप कॅराव्हॅन पार्कांचीच चालते. गाडीत झोपणाऱ्या प्रवाशाला लॉन आणि कारंजे नको असते. दर दोन-तीन दिवसांनी पाणी, गॅस, किराणा, इस्त्री, टायर आणि शौचालयाची टाकी ही कामे उरकायला त्याला एक गाव लागते. ती जिथे सुखासुखी होतात तिथे तो मुक्काम वाढवतो, देऊळ पाहतो, चार पैसे खर्च करतो.

प्रवाशांनी पहिली गोष्ट पाळावी ती उंचीची. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगरवर बांधलेल्या गाडीच्या टपावर एसी आणि सोलर पॅनेल चढले की उंची तीन मीटरच्या आसपास जाते. टेपने मोजून तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवावा. गावात अडवतात ते केबलचे झोळ, दुकानांचे पत्रे आणि गणपती-नवरात्रातले मांडव. मॅपवर यातले काही दिसत नाही. म्हणून गाडी बसस्थानकाच्या किंवा महामार्गाच्या बाजूला लावावी आणि गावात पायी किंवा रिक्षाने जावे. त्र्यंबकेश्वरला कुशावर्ताकडच्या गल्ल्यांत मोठी गाडी घालण्याचा विचारसुद्धा करू नये. लासलगाव, पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या लिलावाच्या सकाळी ट्रॅक्टरांच्या रांगा रस्त्यावर येतात. तिथली कामे दुपारनंतरची ठेवावीत.

कामांचा क्रम महत्त्वाचा. ज्यांना वेळ लागतो ती आधी सोपवायची: टायरवाला, बॅटरीवाला, इस्त्री. लाँड्रीत धुवायला दिलेले कपडे त्याच दिवशी मिळतीलच असे नाही, इस्त्री मात्र बहुधा होते. मागे जोड चाके असतील तर आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हवेची नळी पोचत नाही, म्हणून व्हॉल्व्ह एक्स्टेन्शन जवळ हवे. बहुतेक बीएस-6 डिझेल गाड्यांना डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारा द्रव, बोलीत ‘युरिया’, लागतो. त्याचा इशारा दुर्लक्षून तो संपू दिला तर इंजिनची ताकद कमी केली जाते किंवा गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात सीलबंद बादली मिळते. सुटा घेऊ नये, आणि चुकूनही डिझेलच्या टाकीत ओतू नये.

एवढी कामे सोपवली की तास-दोन तास मोकळे होतात. सिन्नरला असाल तर ते गोंदेश्वरासाठी ठेवावेत. यादवकालीन पंचायतन आहे: मधले देऊळ शिवाचे, भोवती चार लहान. काळ्या दगडावर सकाळचे किंवा उतरतीचे ऊन हवे, भर दुपारी कोरीव काम सपाट दिसते आणि फरशीवर पायही भाजतात. बहुतेक लोक तिथूनच परततात. गावातच असलेले ऐश्वर्येश्वराचे जुने देऊळ वेळ काढून पाहण्याजोगे आहे. येवल्यात थांबलात तर पैठणीचा माग चालू असताना पाहावा आणि पदर उलटून बघावा. हातमागाच्या अस्सल पदराची नक्षी मागूनही जवळपास तशीच स्वच्छ दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर किंमत त्या हिशेबाने करावी. भाजी, दूध, बर्फ परतीच्या वाटेवर.

गॅससाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर बरा. तो ओळखपत्रावर एजन्सीत आणि काही पंपांवर मिळतो, कनेक्शनची नोंदणी लागत नाही. रेग्युलेटर सोबत न्यावा आणि दुकानातच बसवून पाहावा. जोडल्यावर साबणाचा फेस लावायचा, काडी पेटवून गळती तपासायची नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचतो, म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी असते. आपल्याकडे कांद्याची पिशवी नेमकी त्याच जाळीवर येऊन बसते!

विजेचा घोळ सगळीकडे सारखाच. धाब्यावर किंवा लॉजवर भिंतीतले सॉकेट मिळते ते 6 अँपिअरचे, म्हणजे 230 व्होल्टला फार तर 1,380 वॉट. त्यावर एसी आणि गीझर एकदम चालवले की प्लग वितळतो. 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट, अडीच एमएमची तीन तारांची वायर आणि गाडीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) एवढे असायलाच हवे. वायरचे रीळ पूर्ण उलगडावे. गुंडाळलेली वायर लोडवर आतून तापते. अर्थिंग टेस्टरने पाहिल्याशिवाय गाडी जोडू नये, कारण पत्र्याच्या बॉडीत करंट उतरला तर दार उघडणाऱ्यालाच झटका बसतो.

पाणी शेवटी भरावे, कारण 100 लिटर म्हणजे 100 किलो आणि ते ओझे दिवसभर का वाहायचे? पण नगरपरिषदेचे पाणी ठरावीक वेळेलाच येते, त्यामुळे वेळ सकाळीच विचारून ठेवावी. गावातल्या नळांना बहुधा आटे नसतात. रबरी कनेक्टर आणि क्लिप जवळ ठेवावी. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले बादलीभर पाणी सोडून द्यावे. शंका असेल तर 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट 100 लिटरला 4 मिलिलिटर, ताजे आणि बिनवासाचे, घालून अर्धा तास थांबावे. कसारा घाट उतरायचा असेल तर टाकी गरजेपुरतीच भरावी.

राहिला तो विषय ज्यावर कोणी बोलत नाही. अमेरिकेत अशा गाड्यांच्या शौचालयाची टाकी रिकामी करायला डंप स्टेशने असतात. आपल्याकडे अशी सोय सहसा सापडत नाही. म्हणून इथे काढता येणारी, सुमारे 20 लिटरची कॅसेट, म्हणजे मैल्याची छोटी टाकी, असलेले शौचालयच घ्यावे. दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. सार्वजनिक शौचालयात तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून, ठरलेले पैसे देऊन, हळूहळू ओतावी आणि वर दोन बादल्या पाणी टाकावे. फॉर्मल्डिहाइडचे निळे औषध वापरू नये. ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारते आणि टँक लवकर तुंबतो. भांड्यांचे पाणीही रस्त्यावर सोडू नये. नाल्यात ओतलेली कॅसेट अखेर गोदावरीतच पोचते, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

आता नगरपरिषदांकडे मागणी. त्र्यंबकेश्वर, सिन्नर, येवला, चांदवड येथे सध्याच्याच वाहनतळाच्या एका कोपऱ्यात आटे असलेला एक नळ, सबमीटरसह 16 अँपिअरचे दोन पॉइंट आणि गटार योजनेला किंवा सेप्टिक टँकला जोडलेले एक चेंबर द्यावे. युनिटप्रमाणे पैसे घ्यावेत, फुकट काही नको. 2027 च्या सिंहस्थाला लाखो लोक गाड्यांतून येतील आणि अनेक जण गाडीतच राहतील. तेव्हा सिंहस्थाच्या वाहनतळांवरही या तीन सोयी हव्यात. नळ आणि चेंबर यांत पुरेसे अंतर ठेवावे, नाहीतर कॅसेट धुण्याचा पाइप पिण्याच्या नळाला लागतो. चेंबरला जड लोखंडी झाकण नको. एका हाताने उघडेल असे हँडलचे झाकण बसवावे. झाकण उचलले नाही की माणूस शेजारच्या उघड्या गटारात ओतून मोकळा होतो.

— एक वाचक, नाशिक