घर कसं आहे, ते सविस्तर

वडोदरा,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, "घर लागलं का मार्गी?" मी म्हणते, "हो, लागलं की," आणि फोन आईकडे जातो. आई विचारते, "लागलं म्हणजे नेमकं कसं?" एवढ्यात कुकरची शिट्टी होते, नाहीतर तुमच्या नातीची व्हॅन येते, आणि सांगायचं राहतंच. आज रविवार आहे, बापलेक सयाजीबागेत गेलेत, चहाचा दुसरा कप हातात आहे. तेव्हा आता सगळं लिहूनच टाकते.

घर छान आहे. मात्र तुम्ही पुराच्या आधीच्या दिवाळीत पाहिलंत ते हे घर नाही. तेव्हा हॉलमध्ये सोफा होता, टीव्हीखाली ते लांबलचक प्लायवूडचं युनिट होतं, जिन्याखाली सगळा अडगळीचा संसार होता. ऑगस्ट २०२४ मध्ये, गोकुळाष्टमीच्या दिवशी पाऊस लागला तो थांबेचना. वर आजवा धरणाचं पाणी, खाली विश्वामित्री नदी. काळाघोड्याच्या पुलापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली. सांगलीकरांना फुटांची भाषा समजावून सांगायला नको. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा बाबा वाखारभागातल्या कोणाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं ते फोनवर सांगत होते, आणि मी इथे वैतागत होते की माणसं घर सोडायचं सोडून आकडे काय मोजताहेत! मागच्या वर्षी जिन्यावर बसून मीही पायऱ्याच मोजल्या. घरात पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. पुढच्या सोसायटीत मगर निघाली, ती वनखात्याच्या लोकांनी दोरखंडाने बांधून नेली. ते सगळं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत, मी पुन्हा नाही सांगत.

सांगायचंय ते नंतरचं. पाणी ओसरलं आणि चिखल उपसून झाला, तसं प्लायवूड फुगून सुटायला लागलं. सोफ्याचा फोम आठवडाभर गच्चीवर ठेवला तरी त्याचा वास जाईना. शेवटी एकेक करून सगळं फाटकाबाहेर गेलं. एक दिवस असा आला की हॉलमध्ये काहीच नव्हतं, नुसती कोट्याची धुतलेली हिरवट फरशी. मी त्या फरशीवर पाय पसरून बसले आणि मला बरं वाटलं, आई. खरंच बरं वाटलं. इतकी मोकळी जागा या घरात आहे हे माहीतच नव्हतं. हे म्हणाले, सोफ्याचं बघायला जाऊ या. मी म्हटलं, थांबू या जरा. ते थांबणं अजून चालूच आहे.

आता भिंतींना खालून साडेतीन फूट टाईल आहे. प्लॅस्टरला लोणा लागून पापुद्रे सुटत होते. गवंडीकाकांनी तेवढा पट्टा खरवडून काढला आणि वर टाईल बसवली. दिसायला ती थोडी दवाखान्यासारखी दिसते, आई नाक मुरडणार हे मी धरून चालले आहे. पण ओल्या फडक्याचा एक हात फिरवला की भिंत साफ. स्विचबोर्ड सगळे छातीच्या उंचीवर घेतलेत. त्याचा एक फायदा असा की बाबांना फोन चार्जिंगला लावायला वाकावं लागणार नाही. इन्व्हर्टर माळ्यावर गेला, फ्रिजखाली वीतभर उंच ओटा बांधून घेतला. स्वयंपाकघरात ओट्याखाली दारंच नाहीत, कडप्प्याची उघडी मांडणी आहे. उघडं असलं की आवरावंच लागतं, ढकलून दार लावून टाकायची सोयच नाही! आणि हो, तुझी पितळी पातेली सगळ्यात वरच्या फळीवर आहेत. चिंचेने घासून लखलखीत ठेवलीयेत.

एकंदरीत या घरात प्रत्येक वस्तूला आता तिची उंची ठरलेली आहे. साडेतीन फुटांच्या खाली फक्त धुता येण्याजोगं किंवा पटकन उचलता येण्याजोगं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, लोखंडी पलंग, चपलांची जाळी, बादल्या. कागदपत्रं, पुस्तकं, अंथरुणं-पांघरुणं आणि धान्य वरच्या मजल्यावर. लोक आले की म्हणतात, केवढं नीटनेटकं ठेवता हो तुम्ही! लहानपणी माझ्या कपाटाचं दार उघडलं की तू दोन पावलं मागे सरायचीस. आणि आता ही कौतुकं ऐकतेय. हसू नकोस.

धान्याचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण यात तुला रस आहे. तुम्ही आला होतात तेव्हा गव्हाची कोठी जिन्याखाली होती. तिचं झाकण घट्ट होतं, तरी कडेने पाणी शिरलंच. भिजलेल्या गव्हाला कसला आंबूस वास सुटतो ते गावभागात राहणाऱ्यांना सांगायला नको. या वर्षी चैत्रात शेजारच्या मासींनी मला बरोबर घेतलं. त्या म्हणाल्या, "चाल, तारा घऊं पण भरी दईए," म्हणजे चल, तुझाही गहू भरून टाकू. इथे मण म्हणजे वीस किलो, आम्ही आठ मण घेतला. त्यांच्या घरी भालिया जातीचा गहू लागतो, लाडवांना आणि भाकरीला तो चांगला. आपल्याकडे पोळ्याच जास्त, म्हणून मी लोकवनच घेतला. गच्चीवर जुन्या चादरी अंथरून गव्हाला चांगलं कडक ऊन दिलं, मग चाळून, निवडून घेतला. संध्याकाळी तो निवला, आणि मग दिवेल, म्हणजे आपलं एरंडेल. तू डाळीला लावायचीस तसंच, पण मासी गव्हालाही लावतात. मी बाटली ओतायला गेले तर त्यांनी हात धरला. तेल आधी तळहातावर घ्यायचं, दोन्ही हात चोळायचे आणि मग ओंजळीत गहू घेऊन तो हातांमध्ये फिरवत राहायचं. दाण्याला ओलेपणा दिसता कामा नये, नुसती चकाकी यायला हवी. थोड्या वेळाने हात इतके मऊ झाले की काय सांगू! ढिगात हात घातला की दाणे बोटांमधून आवाज न करता सरकतात. तुमची नात तिथेच बसून राहिली, उठायलाच तयार नव्हती. कोठीत तळाला आणि मधे मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला, ते मात्र तुझ्या पद्धतीने. मासींनी तेही मान्य केलं. सात महिने होत आले, एक पोरकिडा नाही. घरघंटीवर आठवड्याचं पीठ दळते, पोळी अशी मऊ होते की डब्यात संध्याकाळपर्यंत तशीच राहते.

कचरा-पोता, म्हणजे केर-फरशी, करायला बेन येतात, त्यांना हे घर फार आवडतं. खाली सरकवायला काही नाही आणि उचलायलाही काही नाही, वीस मिनिटांत त्या मोकळ्या होतात. मागच्या चोकडीत, म्हणजे उघड्या मोरीत, भांडी घासतात, तिथे आता डोक्यावर पत्रा घातलाय, म्हणजे वैशाखात त्यांना ऊन लागत नाही आणि पावसात माझी भांडी भिजत नाहीत. मे महिन्यातली इथली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. पंखासुद्धा गरम वारा मारतो. पण कोट्याची फरशी पुसली आणि पश्चिमेच्या खिडक्यांना चटया सोडल्या की दुपारची झोप लागते. एसी एकच आहे, वरच्या खोलीत. तुम्ही आलात की ती खोली तुम्हाला दिली असती, पण जिना आहे. म्हणून तुमची सोय खालच्या खोलीत केलीय. तिथल्या बाथरूममध्ये खरखरीत टाईल घातलीय, कमोडजवळ आणि नळाजवळ स्टीलच्या दांड्या बसवल्यात. बाबा, दांडी बसवली म्हणून रागावू नका. मी स्वतः धरते तिला, केस धुताना.

आणि झोपाळा! हॉलमध्ये बसण्याची मुख्य जागा आता तोच आहे. संखेड्याचा आहे, वडोदऱ्याहून फार लांब नाही ते गाव. लग्नानंतर आम्ही तिथे जाऊन घेतला होता, तुम्हाला आठवत असेल. सागवानाचे खांब लाकूड कातायच्या चरकावर फिरत असतात, कारागीर त्यावर लाखेची कांडी टेकवून धरतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. त्याआधी कथलाच्या भुकटीने नक्षी काढलेली असते. ती रुपेरी असते, वर लाखेचा हात बसला की सोनेरी होते. मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. ते पाहत बाबा तासभर उभे होते आणि आई "आता पुरे, जेवायचं आहे" म्हणत होती.

तर त्या रात्री पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल? झोपाळ्याच्या चारही पितळी कड्या काढून वरच्या दुव्यांत अडकवल्या. एरवी गुडघ्याच्या उंचीवर असतो तो झोपाळा पार छातीपर्यंत वर गेला. त्यावर दोन गाद्या, नातीचं दप्तर, माझी शिलाई मशीन आणि देव ठेवले. खालून पाणी वाहत होतं आणि वर आपलं सगळं टांगलेलं. नंतर कॉलनीभर लोक भिजलेल्या गाद्या वाळत घालत होते, आमच्या दोन कोरड्या होत्या. शेजारच्या घरची बाळंतीण आणि तिचं लेकरू चार रात्री त्या गाद्यांवर झोपली. एवढ्या महागाचं फर्निचर घेतलं म्हणून मी ह्यांना वर्षभर टोमणे मारले होते. ते आता बंद आहेत.

रोज संध्याकाळी बसतो आम्ही त्यावर. सेव-उसळ विकत आणली तरी ताटल्या घेऊन झोपाळ्यावरच. शेजारचे काका येतात, त्यांना हिंचको, म्हणजे झोपाळा, म्हटल्यावर पाय वर घेऊन मांडीच घालावी लागते. एका बाजूला ते, एका बाजूला मी, आणि मासी समोर खुर्चीत. घरात सोफा नसल्याची तक्रार आजवर एकाही पाहुण्याने केलेली नाही.

आता थोडं तुमच्या घराबद्दल. रागावू नका. गावभागातलं घर मोठं आहे, जुनं आहे, आईने ते आरशासारखं ठेवलंय, त्यात वाद नाही. पण बाबांची लोखंडी पेटी, ज्यात घराचे कागद आहेत, ती अजून माजघरात पलंगाखालीच आहे ना? २०१९ ला ती खांद्यावरून नेली, २००५ लाही नेली. बाबा, तेव्हा तुमच्या खांद्याला ते पेलत होतं. पुढच्या मे महिन्यात मी चार दिवस येते, आपण ती पेटी, बाबांच्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका आणि आईच्या पैठण्यांची ट्रंक माडीवर नेऊ. काही टाकायचं नाही, फक्त वर न्यायचं. आईच्या माळ्यावरच्या बत्तीस पातेल्यांना मी हात लावणार नाही, शब्द देते.

पण त्याच्या आधी तुम्ही इकडे या. थंडी सुरू होतेय, आणि इथली थंडी तुम्ही अजून पाहिलेली नाही. कोवळ्या ज्वारीचा पोंक गाड्यांवर यायला लागेल, आपला हुरडाच, पण इथे त्याबरोबर शेव आणि साखरेचे दाणे देतात. १४ जानेवारीला उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. त्या दिवशी अख्खं गाव गच्चीवर असतं, जेवणही तिथेच, उंधियू आणि जिलेबी. बाबांसाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली, आणि मराठी पुस्तकांचा केवढा तरी साठा आहे तिथे. त्या इमारतीत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या मजल्यांवर मजले आहेत आणि मधली जमीन जाड काचेची, म्हणजे उजेड खालपर्यंत उतरावा. आवरलेली जागा पाहायची तर ती पाहा. माझं घर त्याच्यापुढे काहीच नाही.

मिरजेहून अजमेरकडे जाणारी गाडी थेट वडोदऱ्याला येते, मधे कुठे गाडी बदलायला नको. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख कळवा, खालचे दोन बर्थ आम्ही इथूनच काढतो. येताना पावशेर हळद आणा, इथल्या हळदीला रंग आहे, वास नाही. भडंगाची दोन पाकिटं मासींसाठी, त्यांनी मागच्या वेळची आठवण काढलीय. बाकी काही आणू नका. पुरणयंत्र तर मुळीच नको, इथे आहे.

एक काम मात्र नक्की करा. बाबांची ओसरीतली आरामखुर्ची, जिच्यावरून त्यांना न धरता उठता येतं, तिची जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची आईने शिवणकामाच्या टेपने मोजून फोनवर सांगावी. झोपाळा सध्या माझ्या मापाचा आहे, बाबांना तो खाली पडेल. कड्या कुठल्या दुव्यात घालायच्या ते त्यावरून ठरवू.

तुमची लेक