लिस्बनच्या घरमालक आजोबांविषयी

पेडणे, गोवा

चि. सायलीस, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तुझ्या घरमालक आजोबांच्या अल्बममध्ये गणवेशातला फोटो, मागे लिहिलेलं ‘तेते, १९७२’. आणि तुझा प्रश्न: रोज माझ्यासाठी सूप बाजूला काढून ठेवणाऱ्या माणसाला, तिथे तुम्ही काय केलंत, हे मी विचारू का? फोनवर बोलले असते, पण तुझे बाबा मध्येच आपलं मत घालतात, म्हणून लिहायला बसले.

आधी हे, की एका फोटोवरून काही ठरवू नकोस. तेते हा मोझांबिकचा प्रांत, आपल्या गोव्याच्या पंचवीसपटीहून मोठा. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालची वसाहत, तिथे स्वातंत्र्यासाठी युद्ध चाललेलं. पोर्तुगालात तेव्हा सक्तीची भरती होती. हजारो पोरं सरहद्द ओलांडून फ्रान्सला पळाली, उरलेली आफ्रिकेत गेली. त्यात कुणी स्वयंपाक केला, कुणी ट्रक चालवला. पण १६ डिसेंबर १९७२ ला त्याच प्रांतात विरियामू आणि आसपासच्या वाड्यांत पोर्तुगीज कमांडो शिरले आणि चारशेच्या आसपास माणसं मारली, बायकापोरांसकट. मिशनच्या पाद्र्यांनी माहिती जमवली, म्हणून १९७३ च्या जुलैत ती लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आली. लिस्बनचं उत्तर काय, तर असं गावच नाही!

या सगळ्याची माफी मागायला २०२२ उजाडलं. आणि मागितली कुणी? मडगावच्या घराण्यातल्या आंतोनियु कोश्तांनी. ते पोर्तुगालचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे केवढं कौतुक, त्यांना ओसीआय कार्ड मिळालं त्याचंही. मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, ते म्हणाले की हे कृत्य अक्षम्य आहे, आमच्या इतिहासाला काळिमा आहे. त्या बातमीचं इथे मात्र कुणाला फारसं काही वाटल्याचं मला आठवत नाही.

आता दुसरी बाजू बघ. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गोव्याच्या गव्हर्नरला कळवलं होतं, सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील. त्या गव्हर्नरने, वासालु ई सिल्व्हाने, ते ऐकलं नाही. १९ तारखेला शरणागती लिहून दिली आणि हजारो पोर्तुगीज पोरांचे जीव वाचवले. त्याला सैन्यातून काढून टाकलं. विरियामूसाठी मात्र कुणावर खटला चालला नाही. माणसं वाचवणाऱ्याला शिक्षा, मारणाऱ्यांना काही नाही. लिस्बनला बेलेंच्या मनोऱ्याजवळ आफ्रिकेतल्या त्या युद्धांचं स्मारक आहे, भिंतीवर मेलेल्या पोर्तुगीज सैनिकांची नावं कोरलेली. पाहून ये. ती पोरंसुद्धा कुणाची तरी होती, त्यांच्या नावांवर माझा राग नाही. पण विरियामूतलं एकही नाव त्या भिंतीवर नाही.

मात्र हे वाचून पोर्तुगीजांवर तोंड सोडायला जाऊ नकोस. आपण तरी काय करतो? जालियनवाला बागेत डायरने गोळ्या घातल्या, असं शाळेत मीही शिकवलं. डायरने हुकूम दिला गो. रायफली पन्नास होत्या, गोळ्या १६५०, आणि चाप ओढणारे गुरखा व इतर हिंदी पलटणींतले शिपाई होते. हिशेब केलास तर एकेकाच्या वाट्याला तेहतीस गोळ्या येतात. त्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यावंसं वाटलंही नाही. अकराच वर्षांनी, १९३० च्या एप्रिलात, पेशावरला चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या शिपायांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. हुकूम होता, हे कारण मला कळतं. पोटाची, घरच्यांची भीती कळते. पण त्याच फौजेत, तसल्याच हुकमाला ‘नाही’ म्हणणारेही निघाले, एवढं धरून ठेवलं की ‘हुकूम होता’ हे उत्तर तिथेच संपत नाही.

आणि इतक्या लांब जायला नको. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला, आपल्या घरापासून एसटीने जाण्याइतक्या अंतरावर, सत्याग्रहींवर गोळीबार झाला. कर्नैलसिंग बेनीपाल तिथेच पडले. आपण हुतात्म्यांची नावं घेतो, छळाचं नाव आलं की पोर्तुगीज पोलिसांतल्या एका कासिमिरो मोंतेरोला शिव्या देतो, बाकी सगळे ‘पाखले’, म्हणजे गोरे पोर्तुगीज. पाखल्यांच्या पोलिसांत आपलीही माणसं होती. तुझ्या सख्ख्या आजोबांचे धाकटे काका त्यांत शिपाई होते. ते त्या दिवशी कुठे होते, हे घरात कुणी विचारलं नाही. चतुर्थीला सगळे जमायचे, ते कोपऱ्यात पान जुळवत बसायचे, आम्ही मुलं त्यांच्याकडे पैसे मागायचो. आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

म्हणून तू विचार, पण ‘तुम्ही कुणाला मारलंत का’ असं नको. तसं विचारलंस तर दार बंद होईल, आणि भाड्याच्या घराचं दार बंद होणं परवडायचं नाही. सूप संपल्यावर एवढंच विचार की तुमच्या कंपनीत हुकमाला नाही म्हणणारा कुणी होता का, आणि त्याचं पुढे काय झालं. ज्याने ते पाहिलंय त्याला उत्तर द्यावंसं वाटतं, असं मला वाटतं. न वाटलं तर सोडून दे, ऐंशीच्या माणसाला कोंडीत पकडू नये. आणि त्यांनी उलट तुझ्या घरच्यांबद्दल विचारलं, तर काकांचं सांग. ते लपवू नकोस.

थंडी वाढली असेल, स्वेटरवर जॅकेट घाल.

तुझी,
आई