साक्षीदार

प्रिय अव्या,

"वरून बॉम्ब टाकायचे आणि घरी जाऊन झोपायचं, त्यात कसलं आलंय शौर्य?" असं म्हणून तू फोन ठेवलास. आता ऐक.

दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब टाकणारे खूप उंचावरून जायचे. पाणबुडीच्या शिकारीत ते चालत नाही. तासन् तास नुसतं पाणी बघत बसायचं, डोळे चुरचुरतात, आणि ती दिसलीच तर थेट 50 फुटांवर उतरून तिच्या डोक्यावरून जाताना डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब, सोडायचे. ब्रिटिशांचे हे चार्ज आधी फार खोलवर फुटायचे, वरवर असलेल्या पाणबुडीला त्याचं काहीच नाही. विल्यम्स नावाच्या शास्त्रज्ञाने आकडेमोड करून ते 25 फुटांवर फुटतील असे लावायला सांगितले. विमानांची काळी पोटंही पांढरी रंगवली, का तर ती आकाशात लवकर दिसू नयेत! गणितवाल्यांना तू उगाच नावं ठेवतोस.

1943 च्या उन्हाळ्यात जर्मन पाणबुड्या बुडी न मारता वर राहून तोफा चालवायला लागल्या. 11 ऑगस्टला पश्चिम आफ्रिकेतल्या डाकारच्या नैर्ऋत्येला यू-468 अशीच वर होती. तिच्यावर चालून आलेल्या ब्रिटिशांच्या लिबरेटर बॉम्बर विमानाचा वैमानिक लॉइड ट्रिग, न्यूझीलंडचा, वय 29. जवळ येता येताच विमानाने पेट घेतला. त्याला वळून समुद्रावर उतरता आलं असतं. पण हा गडी सरळच गेला. बॉम्बचे दरवाजे उघडे, त्यातून गोळ्या आत घुसताहेत, आणि तशात त्याने चार्ज सोडले. थोडं पुढे जाऊन विमान समुद्रात कोसळलं. आठांपैकी एकही वाचला नाही. पाणबुडीही वीसेक मिनिटांत बुडाली.

मग हे सांगितलं कुणी? पाणबुडीचा कप्तान क्लेमेन्स शामोंग आणि त्याचे सहा जण वाचले, आणि तेही कशावर, तर त्याच लिबरेटरमधून सुटून आलेल्या रबरी होडीवर! शोधायला आलेल्या विमानाला वाटलं, आपलीच माणसं. कैदेत या लोकांनी ट्रिगची हकिकत सांगितली आणि शत्रूच्या तोंडच्या त्या साक्षीवर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. त्याच्या बाजूचा साक्षीदार उरलाच नव्हता. ज्याने आपली बोट बुडवली, आपली माणसं मारली, त्याचं कौतुक त्याच्याच सरकारपुढे करायचं, हे मला तरी जमलं नसतं. तुला?

दिवाळीत येशील तेव्हा पुढचं भांडू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिल्या