हयातीचा दाखला

लोकमान्य नगर, ठाणे
भाद्रपद पौर्णिमेनंतरचा रविवार

आई, बाबा,

सप्रेम जयभीम.

पाकीट बघून आधी घाबरू नका. इकडे सगळे बरे आहेत. छोटीचा खोकला गेला, तुमच्या सूनबाईची शाळा सुरू आहे, आणि माझी गोळी अर्ध्यावर आलीय. फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर बाबांना कमी ऐकू येतं, मग मी आवाज चढवतो, आणि आवाज चढवून माफी मागता येत नाही.

माफी गेल्या नोव्हेंबरची आहे. बाबा, तुम्ही कदाचित विसरला असाल. आई विसरली नसेल.

हयातीच्या दाखल्याचे दिवस होते. बँकेत खेपा नकोत म्हणून मीच तुमच्या मोबाईलवर ते ॲप टाकून दिलं होतं. त्या दिवशी तुमचा तिसरा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. बाहेर येऊन उचलला. तुम्ही म्हणालात, "अरे, ते डोळे मिचकवा म्हणतंय. मी मिचकवतोय, पण पुढेच जात नाही. चष्मा काढू का?" आणि मी ओरडलो, "बाबा, एवढं साधं कळत नाही का तुम्हाला?" चाळीस वर्षं पोरांना अक्षर-ओळख करून देणाऱ्या माणसाला. तुम्ही नुसतं "बरं, ठेवतो" म्हणालात. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने तालुक्याला जाऊन, बँकेत रांगेत उभं राहून यादीवर सही करून आलात, हे मला आईकडून महिन्याभराने कळलं. बँकवाल्यांचं जेवण झालं नव्हतं म्हणून दोन तास बाकावर बसलात, हेही तिनेच सांगितलं.

तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. डोकेदुखी तर आधीपासून होतीच. जानेवारीत मी इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवस विपश्यनेला बसलो, त्यामागे बरंचसं हे होतं. तुम्हाला मात्र मी सांगितलं, "रजा शिल्लक होती." परत आल्यावर तुम्ही काय म्हणालात ते शब्दशः लक्षात आहे: "डोळे मिटून बसायला दहा दिवस? बाबासाहेबांनी धम्म दिला तो डोळे उघडायला. आणि पैसे किती घेतले?"

पैशाचं उत्तर सोपं आहे. एक रुपया नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात, त्याआधी दिलंत तरी घेत नाहीत. पहाटे चारला घंटा. मोबाईल जमा. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळी नव्या माणसाला चहा, फळ, कुरमुरे, एवढंच. पहिले साडेतीन दिवस नाकपुडीखालच्या, वरच्या ओठावरच्या एवढ्याशा जागेवर श्वास लागतो कुठे ते बघत बसायचं. आत घ्यायचा, रोखायचा, मोजायचा, असलं काही नाही. जसा येतो तसा बघायचा. ऐकायला किती सोपं वाटतं! चार श्वास झाले की मी रबाळ्याच्या ऑफिसात पोचलेला असायचो.

चौथ्या दिवसापासून अंगभर लक्ष फिरवायचं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि तास-तासभर हातपाय न हलवता बसायचं. माझा उजवा गुडघा पेटला. आणि त्या गुडघ्याच्या कळेत मला माझाच आवाज ऐकू आला, "कळत नाही का?" आधी कानामागे ऊन लागल्यासारखं होतं, मग जबडा आवळतो, मग छाती. शब्द त्यानंतर येतात. बाबा, हे मला चाळिशीत कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं की समोरचा चिडवतो आणि मी चिडतो. मधे एवढं सगळं घडत असतं, आणि त्यात थांबायला दोन-तीन जागा असतात, हे कुणी दाखवलंच नव्हतं. कदाचित दाखवलं असेल, मी बघितलं नसेल.

रोज संध्याकाळी, ही विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन असायचं. ते स्वतः 2013 साली गेले. ब्रह्मदेशात वाढलेला मारवाडी व्यापारी माणूस, अर्धशिशीने हैराण. 1955 मध्ये ध्यान शिकायला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर डोकेदुखी थांबवायला येत असाल तर येऊ नका, असं आधी ऐकावं लागलं. मला हसू आलं, कारण मीही जवळजवळ त्याच कामाला आलो होतो. पण मला जास्त आवडले ते ऊ बा खिन. ते भिक्खू नव्हते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथले पहिले महालेखापाल झाले, आणि आपल्या कचेरीतल्या कारकुनांना त्यांनी कचेरीतच ध्यान शिकवलं. फायली, हिशेब आणि श्वास एकाच इमारतीत. आमच्यासारख्यांना हे जवळचं वाटतं.

आमच्या ऑफिसातही एक माइंडफुलनेसचं सत्र झालं होतं, ते सांगायचं राहिलंच. एक मनुका हातात दिली. ती बघा, हुंगा, कानाशी धरा, मग पाच मिनिटं चघळा. वाईट नव्हतं. पण त्याच शनिवारी आम्हाला बिनपगारी कामाला बोलावलं. तेव्हा तुमची आठवण झाली. तुम्ही आम्हाला बोटांवर अष्टांग मार्ग मोजायला शिकवला होतात. सम्यक स्मृती, म्हणजे हेच माइंडफुलनेस, सातव्या बोटावर यायची. तिच्याआधी सम्यक वाणी, सम्यक कर्म, सम्यक आजीविका. हे लोक सातवं बोट तेवढं कापून विकतात.

म्हणजे बाबा, तुमच्या बोलण्यातलं अर्धं मला पटतं. तुम्ही वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचता तेव्हा रोहिणी नदीच्या पाण्याचा भाग आला की तुमचा आवाज बदलतो, ते लहानपणापासून ऐकतोय. शाक्य आणि कोलीय पाण्यावरून लढायला निघाले, आणि सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत उभा राहून नको म्हणाला. तुम्ही पुस्तक मिटून म्हणायचात, "आधी उभा राहिला, बरं का. बसला नंतर." उरलेल्या अर्ध्याशी भांडण एवढंच, की मला उभं राहताना आधी थरथर सुटते. बसल्यामुळे ती जरा कमी झाली.

मे महिन्यात आम्ही भाड्याने दुसरी जागा बघत होतो. लोकमान्य नगरात पाण्याचे हाल आहेत, आणि छोटीला स्टेशनजवळची शाळा बरी पडेल म्हणून. एक जागा आवडली. घरमालकाने आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं, मग "म्हणजे कोकणात कुठली वाडी?" शेवटी म्हणाला, "आमच्याकडे पूजाअर्चा असते, जरा बघून देतो आम्ही." कानामागे ऊन. जबडा. मी ते येताना बघितलं. पूर्वी एकतर मी शिव्या दिल्या असत्या, नाहीतर मुकाट खाली उतरून रिक्षात सूनबाईवर चिडलो असतो. या वेळी मी म्हणालो, "जात विचारायची असेल तर सरळ विचारा. मी बौद्ध आहे. जागा का देत नाही तेही सरळ सांगा." आवाज चढला नाही. तो एजंटकडे बघत राहिला, एजंट मोबाईलमध्ये. उत्तर कुणी दिलं नाही आणि जागाही मिळाली नाही. पण रात्री मला झोप लागली.

राग गेला असं समजू नका. तो आहेच, आणि असू दे. बाण एकदा लागतो, दुसरा आपण आपल्या हाताने मारून घेतो, असं बुद्धांच्या एका सुत्तात, म्हणजे उपदेशात, आहे. त्या घरमालकाने मारलेला पहिला. दुसरा मी इतकी वर्षं न चुकता मारून घेत होतो आणि त्याला स्वाभिमान म्हणत होतो.

रोजचं सांगायचं तर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलंय. माझ्याने होत नाही. पहाटे पाचला पाणी येतं, पिंप भरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गॅलरीत बसतो. पिंप भरल्याचा आवाज हीच माझी घंटा. आठवड्यातले दोन दिवस तेही बुडतं. ट्रान्स हार्बरची गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे कधी बसायला जागा मिळते. खाडीच्या पुलावर गाडी आली की मी मोबाईल खिशात ठेवतो. भरतीचं पाणी आणि ओहोटीचा चिखल यांचा वास वेगळा असतो, हे सात वर्षं त्याच गाडीने जाऊन मला यंदा कळलं. पंचशीलातलं पाचवं शील आपण दारूचं म्हणून म्हणतो, आणि वाडीतली भट्टी बंद करायला तुम्ही काय काय सोसलंत ते मला माहीत आहे. पण त्या ओळीत 'पमादट्ठाना' आहे ना? गाफीलपणाचं ठिकाण. माझी बाटली खिशातच असते, चार्जिंगला लावायची.

तुमचा फोन वाजला की आता मी आधी दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेत का ते बघतो, मग उचलतो. म्हणून हल्ली उशीर होतो. रागावू नका.

मागच्या रविवारी छोटीला घेऊन कान्हेरीला गेलो. आमच्या घरामागे येऊरचा डोंगर आहे, त्याच्या पलीकडच्या अंगाला लेणी. जायचं मात्र बोरिवलीवरून फिरून. शंभराच्या वर लेणी आहेत. पाऊस होता. डोंगरावरून येणारं पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरत होतं, आजही. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. दानं देणाऱ्यांत कल्याणचे, सोपाऱ्याचे लोक आहेत, म्हणजे आमच्या लोकलच्या स्टेशनांवरचेच. एका लहान लेण्यात दगडाचाच ओटा होता, भिक्खूंचा झोपायचा. छोटी त्यावर उताणी पडली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं कंटाळली. मग म्हणाली, "पप्पा, इथे पाऊस आतून ऐकू येतो." वर्षावास म्हणजे पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचं, हे मी शाळेत असल्यापासून सांगू शकत होतो. पण एका जागी राहिलं की काय ऐकू येतं, ते त्या ओट्याशेजारी उभा असताना कळलं.

आई, तू फोनवर म्हणालीस, "मी बसले की डोळा लागतो, आम्हाला नाही जमायचं हे." तुला एक गंमत सांगतो. बुद्धांचे पट्टशिष्य महामोग्गल्लान, केवढे मोठे, तेही ध्यानात डुलक्या घेत होते. बुद्धांनी त्यांना सांगितलेले उपाय ऐक: कानाच्या पाळ्या ओढ, हातापायांवरून हात फिरव, उठून डोळ्यांना पाणी लाव आणि चांदण्यांकडे बघ, तरी नाही गेली तर येरझारा घाल. आणि तरीही झोप येतच असेल तर उजव्या कुशीवर सरळ झोपून जा, उठायचं मनात ठेवून. तेव्हा तू खुशाल डुलक्या घे, फक्त डुलकी आली हे कळलं पाहिजे. मांडी घालायलाच पाहिजे असंही नाही. धम्मगिरीत गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची देतात. पडवीतली प्लॅस्टिकची खुर्ची चालेल.

बाबा, तुम्हाला बसा असं मी म्हणणार नाही. तुम्ही संध्याकाळी विहारात ग्रंथ उघडायच्या आधी चष्मा पुसता, पान शोधता, आणि वाचायला लागण्याआधी क्षणभर थांबता. सगळे गप्प होतात. लहानपणी मला वाटायचं तुम्ही ओळ शोधताय.

नोव्हेंबरात झालं ते माझं चुकलं. तुम्ही विचारलंत ते अगदी बरोबर विचारलंत. चष्म्यावर उजेड पडला की ते ॲप पुढे जात नाही, हे मी नंतर स्वतः करून बघितलं. म्हणजे चष्मा काढायलाच हवा होता.

अश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपतो तेव्हा, मला रजा नाही. पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघेही येतोय. दाखल्याला आपण दोघं तालुक्याला एस.टी.नेच जाऊ, मोबाईल घरी ठेवून. बँकवाल्यांचं जेवण व्हायचं असेल तर बसू बाकावर, मला घाई नाही. सही झाली की स्टँडवर भजी खाऊ. आईला सांगू नका.

आई, कोकम पाठवू नकोस, अजून अर्धी बरणी आहे. कुळथाचं पीठ संपलंय.

तुमचा,
धाकटा